टीव्हीला टीव्ही म्हणून कधी बघणार? 'सर्वकालीन श्रेष्ठ मालिका' ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

समीक्षक, संपादक, ज्युरी मेंबर आणि अशा याद्यांसाठी मत देणारे सगळेच,

नमस्कार.

तुमच्यातल्याच एका ग्रुपची नवीन लिस्ट मागच्या आठवड्यात वाचली. सर्वकालीन शंभर. दोन दिवस गप्प बसले, म्हटलं जाऊ दे, लिस्टच तर आहे. पण त्यात बऱ्याच वरच्या नंबरवर एक अशी मालिका आहे जिचा पहिला सीझन अजून संपलेलासुद्धा नाही, आणि तिला जागा करून द्यायला खालून काय काय गेलं हे जुनी लिस्ट शेजारी उघडून बघितलं तेव्हा मात्र राहवेना. उघड लिहितेय कारण तुमच्या याद्या तुमच्यापुरत्या राहत नाहीत. कुठली जुनी मालिका कोणीतरी पैसे घालून परत साफसूफ करणार, कुठली वर्गात शिकवली जाणार, कुठलीवर पुस्तक निघणार, वीस वर्षांनी एखाद्या मुलीला काय बघायला मिळणार आणि कशाचं नावही कळणार नाही, यातलं बरंचसं तुम्ही कोणाला मोठं म्हणता त्यावर ठरतं.

माझा याच्याशी संबंध काय, ते आधी सांगते. मी सबटायटल लिहिते, सतरा वर्षं झाली. एक एपिसोड मला दीड-दोन दिवस पुरतो. प्रत्येक वाक्य थांबवायचं, मागे न्यायचं, परत ऐकायचं, आणि कोण कोणाला 'तू' म्हणतंय आणि कितव्या एपिसोडपासून 'तुम्ही' म्हणायला लागलंय हेसुद्धा वहीत टिपून ठेवायचं, नाहीतर पुढच्या सीझनला घोळ होतो. त्यामुळे मालिका लांब असते म्हणजे नेमकं काय असतं हे मला हाताने माहितीये.

काही वर्षांपूर्वी एका पुरस्काराच्या पहिल्या चाळणीसाठी मला बोलावलं होतं, कुठला ते सांगत नाही. आम्ही पाच जण होतो आणि प्रत्येक मालिकेचा फक्त पहिला एपिसोड लावायचे, तोही पूर्ण नाही. त्यात एक बेचाळीस एपिसोडची मालिका होती जिचं काम मी स्वतः केलेलं, आणि मी ते तिथे सांगितलंही होतं. त्या मालिकेत तिसऱ्या एपिसोडमध्ये एक बाप मुलाला एक साधं वाक्य बोलतो, रागाने पण नाही, आणि एकतिसाव्या एपिसोडमध्ये तेच वाक्य तो मुलगा स्वतःच्या नकळत दुसऱ्या कोणाला तरी बोलतो आणि बोलता बोलता थांबतो. बस एवढंच. पण ते थांबणं कळायला मधले सत्तावीस एपिसोड लागतात, त्याला शॉर्टकट नाही. ती मालिका अकरा मिनिटांत बाद झाली. "स्लो आहे, व्हिज्युअली काही नाही" असं शीटवर लिहिलं गेलं. मी बोलले, पण कमी बोलले, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे तुम्ही टीव्हीला सिनेमाच्या पट्टीने मोजता. एखादी मालिका आवडली की "हा तर दहा तासांचा सिनेमा आहे" हे तुमचं सगळ्यात मोठं कौतुक असतं. २०१७ मध्ये 'ट्विन पीक्स'चे नवे अठरा भाग टीव्हीवर आले, 'काइये द्यू सिनेमा' या फ्रेंच मासिकाने त्यांना पुढे अख्ख्या दशकातला सर्वोत्तम सिनेमा म्हणून पहिला नंबर दिला. पोलिश टेलिव्हिजनसाठी केलेली 'डेकालॉग' ही दहा भागांची मालिका १९८९ ची, तिचं नाव आज सिनेमाच्या इतिहासात घेतलं जातं. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनची 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' १९७३ मध्ये स्वीडिश टीव्हीवर सहा भागांत आली होती, जवळपास पाच तासांची, आणि बाहेरच्या जगाने बरीच वर्षं बघितली ती थिएटरसाठी कापून तीन तासांच्या आत बसवलेली आवृत्ती. म्हणजे टीव्हीवर काही उत्तम झालं की ते उचलून सिनेमाच्या खात्यात जमा करायचं आणि उरलेल्याला 'फक्त टीव्ही' म्हणायचं, हे चालत आलंय. माझं म्हणणं असं की सहा आठवडे दर आठवड्याला एका नवरा-बायकोच्या घरात जाऊन बसणं आणि तीन तासांत त्यांचं लग्न मोडताना बघणं हे दोन वेगळे अनुभव आहेत, आणि पहिल्याला तुमच्याकडे शब्दच नाहीयेत. शॉट सुंदर आहे का, लाइट कसा आहे, 'सिनेमॅटिक' आहे का, यावर तुम्ही दोन-दोन पानं लिहिता. एपिसोड कुठे तोडला, मधला आठवडा बघणाऱ्याच्या डोक्यात काय चालू राहावं म्हणून तोडला, चौथ्या सीझनला पात्र तेच राहूनही कसं बदललं, यावर एक पॅरेग्राफ सापडत नाही.

टीव्हीचा कच्चा माल म्हणजे बघणाऱ्याची आठवण. हे मला आईकडून कळलं, ती रोज एकच सिरीयल बघायची, वर्षानुवर्षं, आणि मधेच म्हणायची की हिने हाच हार चार वर्षांपूर्वी सासूला परत केला होता, आता परत घालतेय म्हणजे काहीतरी ठरवलंय हिने मनाशी. आणि तसंच निघायचं. पडद्यावर कोणी काही बोललेलं नसायचं, ती चार वर्षं आईच्या डोक्यात होती आणि लेखकाला ते माहीत होतं. हे कुठल्याही दोन तासांच्या गोष्टीला शक्य नाही.

यावरूनच दुसरी तक्रार. तुमच्या याद्यांमध्ये रोजच्या मालिका नसतातच, म्हणजे विचारात घेऊन नाकारल्या असंही नाही, त्या टेबलावर येतच नाहीत. ब्रिटनची 'कोरोनेशन स्ट्रीट' ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि अजून चालू आहे, आणि पहिल्याच एपिसोडमध्ये कॉलेजातला पोरगा म्हणून आलेला केन बार्लो तोच नट, विल्यम रोच, साठाहून जास्त वर्षं करत आलाय. एक माणूस एका पात्रासोबत म्हातारा झाला आणि ते बघणारेही सोबत म्हातारे झाले. जगातल्या दुसऱ्या कुठल्या कलेत हे होतं मला सांगा. जपानची 'ओशिन' घ्या, १९८३-८४, पंधरा-पंधरा मिनिटांचे २९७ भाग, लेखिका सुगाको हाशिदा, एका गरीब घरातल्या मुलीचं बालपणापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य तीन नट्यांनी केलं, जपानमध्ये सरासरी निम्म्याहून जास्त घरांनी बघितली आणि पुढे साठाहून जास्त देशांत गेली. १९८४ ची 'हम लोग', दीडशेच्या वर भाग, एका मध्यमवर्गीय कुटुंबाची रोजची ओढाताण, आणि शेवटी अशोककुमार येऊन बघणाऱ्यांशी बोलायचे. यांचं तुम्ही काय करता? 'समाजशास्त्रीय महत्त्व' असं म्हणून बाजूला ठेवता. माझं स्पष्ट मत आहे की बायका घरात बसून बघतात आणि रडतात म्हणून या मालिका तुम्हाला हलक्या वाटतात. दिग्दर्शन सगळीकडे सारखं चांगलं नसतं, मान्य. ३०० भागांत पन्नास भाग रटाळ असतात, तेही मान्य. पण मग तीनशे भागांच्या कामाचं मोल कसं करायचं याची पद्धत तयार करणं हे तुमचंच काम होतं ना.

तिसरं म्हणजे घाई. अमेरिकेची 'द वायर' २००२ ते २००८ चालली, साठ एपिसोड. एवढ्या सगळ्या काळात तिला एमीची, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या सगळ्यात मोठ्या पुरस्काराची, फक्त दोन नॉमिनेशन्स मिळाली, दोन्ही लेखनाची, आणि अवॉर्ड एकही नाही. २०२१ मध्ये बीबीसी कल्चरने ४३ देशांतल्या २०६ जाणकारांना एकविसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ मालिका विचारल्या तर पहिला नंबर तिचाच. तेरा वर्षं लागली. यातून खरं तर थांबायला शिकायला हवं होतं, पण त्याच यादीत दहाव्या नंबरवर 'सक्सेशन' होती जी तेव्हा चालू होती आणि संपली २०२३ मध्ये. मालिका चांगलीच आहे, प्रश्न तिच्या दर्जाचा नाहीच. पण शेवट न बघता एखाद्या कादंबरीला तुम्ही शतकातल्या पहिल्या दहात बसवाल का? 'द सोप्रानोज'चा शेवट आठवा, १० जून २००७, गाणं चालू असताना मध्येच पडदा काळा होतो, त्या रात्री कितीतरी लोकांना वाटलं केबल गेली, चिडले लोक. आज तोच शेवट टीव्हीतल्या सगळ्यात धाडसी शेवटांमध्ये धरला जातो. शेवट आधीच्या सगळ्याचा अर्थ बदलतो, आणि मधली वर्षं त्या शेवटाचा. सिनेमावाल्यांना हे कळलंय. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी सर्वश्रेष्ठ सिनेमांसाठी मतं घेतं, 'व्हर्टिगो' हा हिचकॉकचा १९५८ चा सिनेमा, पहिल्या दहात पहिल्यांदा आला १९८२ मध्ये आणि पहिला आला २०१२ मध्ये. त्याला चोपन्न वर्षं मिळाली. मालिकांना तुम्ही एक वीकेंड देता.

पुरस्कारांचंही तेच, म्हणजे पद्धतच तशी. एमीला अभिनयासाठी सीझनमधला एक एपिसोड सबमिट होतो, लेखन-दिग्दर्शनाचंही एपिसोडवरच. एका एपिसोडमध्ये जो रडतो, ओरडतो, कोसळतो तो पुढे जातो. जो अभिनेता साठ एपिसोड हळूहळू गप्प होत जातो त्याचा कुठला एपिसोड पाठवणार?

भाषेबद्दल जास्त लिहीत नाही कारण माझा पोटापाण्याचा धंदाच तो आहे आणि कोणी म्हणेल स्वार्थ आहे. एवढंच सांगते की वरच्याच २०२१ च्या यादीत ४३ देशांतल्या लोकांनी मतं दिली तरी पहिल्या दहाच्या दहा मालिका इंग्रजी आहेत. 'हायमाट' आठवते का, १९८४, जर्मनीतल्या एका गावाची १९१९ पासूनची कथा, अकरा भाग, पंधरा तासांहून जास्त? 'तमस', १९८८? 'मालगुडी डेज'? न बघितलेल्या मालिकेला कोणी मत देऊ शकत नाही, हे समजतं मला, पण मग लिस्टच्या डोक्यावर 'जगातल्या' लिहू नका, 'आम्ही बघितलेल्या' लिहा. त्यात कमीपणा नाही.

आणि फिक्शनच्या बाहेर काय? १९६४ मध्ये ब्रिटनच्या ग्रॅनाडा या टीव्ही कंपनीने सात वर्षांच्या चौदा मुलांना कॅमेऱ्यासमोर बसवून तुम्हाला मोठेपणी काय व्हायचंय असं विचारलं, आणि मग दर सात वर्षांनी परत त्यांच्याकडे जात राहिले. २०१९ मध्ये ती त्रेसष्टची झाल्यावरचा '६३ अप' आला. पहिल्या भागात रिसर्चर असलेला मायकल ॲप्टेड पुढचे सगळे भाग करत राहिला आणि २०२१ मध्ये गेला. त्या मुलांपैकीही काही आता नाहीत. पन्नासहून जास्त वर्षं एकच प्रश्न विचारत राहण्याची ताकद फक्त टीव्हीत आहे, आणि तुमच्या याद्यांमध्ये हे 'डॉक्युमेंटरी' म्हणून वेगळ्या कप्प्यात किंवा कुठेच नाही. मुलांचे कार्यक्रम तर विचारूच नका. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कार्यक्रमात दुकानवाले मिस्टर हूपर करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. नवीन नट आणता आला असता, हूपर गावाला गेले असंही सांगता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, मानसशास्त्राच्या लोकांशी बोलले, आणि २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात बिग बर्ड, म्हणजे त्यातला मोठा पिवळा पक्षी, त्यांच्यासाठी काढलेलं चित्र घेऊन येतो आणि मोठी माणसं त्याला सांगतात की ते मेले, परत येणार नाहीत. तो विचारतो का, आणि कोणाकडे नीट उत्तर नसतं. चार वर्षांच्या मुलांसाठी. मी आयुष्यात लिहिलेल्या-बघितलेल्या मृत्यूच्या सीन्समध्ये याच्या जवळ जाणारे फार थोडे आहेत, आणि त्याची ताकद हीच की मुलांनी त्या माणसाला वर्षानुवर्षं रोज बघितलं होतं.

शेवटची तक्रार जपण्याची. 'आय लव्ह लूसी' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका आज सगळ्यांना माहितीये, ती ग्रेट आहेच, पण ती आज दिसते याचं एक साधं कारण म्हणजे १९५१ मध्ये त्यांनी ती तीन कॅमेऱ्यांनी ३५ एमएम फिल्मवर शूट केली. त्या काळचं बाकी कितीतरी लाइव्ह गेलं आणि हवेत विरलं. पुढे टेप आली तर ती महाग, म्हणून पुसून परत वापरायचे. बीबीसीने १९७८ पर्यंत हे केलं, त्यांच्याच 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदच्या वर भाग असे गेले. त्यांचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण घरी बसलेल्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो भरून ठेवला. २०१३ मध्ये हरवलेल्या नऊ भागांच्या प्रती नायजेरियात सापडल्या. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, त्यात अर्धं श्रेय गुणवत्तेचं आणि अर्धं कपाट साफ करायला कोणी विसरलं याचं. आता आपण शहाणे झालोय असं वाटत असेल तर 'विलो' या मालिकेचं बघा, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्रीमिंगवर आली आणि २०२३ च्या मे मध्ये तिथून काढून टाकली, त्याच्याच बरोबर आणखी बऱ्याच मालिका. आवडो न आवडो, बघायलाच मिळणार नसेल तर पन्नास वर्षांनी तिचं मोल कोण आणि कसं करणार? यावर तुमच्यापैकी फार थोड्यांनी आवाज केला. आज तुम्ही ज्याला विसरता ते उद्या सर्व्हरवरून काढायला सोपं जातं, एवढा सरळ संबंध आहे.

तर मागण्या.

'सर्वकालीन' या शब्दाखाली फक्त संपलेल्या मालिका घ्या, आणि संपून निदान पाच वर्षं झालेल्या. ज्या अनेक दशकं संपतच नाहीत त्यांच्यासाठी वेगळा नियम करा, पण करा, त्या कारणाने त्यांना बाहेर ठेवू नका. चालू मालिकांची वेगळी लिस्ट दर महिन्याला काढा, कोणाची हरकत नाही.

मत देणाऱ्याने मालिका किती बघितली ते मतासोबत छापा. साठपैकी साठ, साठपैकी बारा, जे असेल ते. सगळ्यांनी सगळं बघणं अशक्य आहे हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहितीये, म्हणून आकडा मागतेय.

प्रत्येकाची मतपत्रिका नावासकट जाहीर करा, सिनेमावाले करतात. दहा वर्षांनी परत घ्या, आणि जे आत आलं त्यावर लिहाल तेवढंच जे बाहेर गेलं त्यावर लिहा.

रोजच्या मालिका, मुलांचे कार्यक्रम, डॉक्युमेंटरी सिरीज यांचे जाणकार मतदारांमध्ये घ्या, आणि ज्या भाषांमधलं तुम्हाला येत नाही त्या भाषांमधल्या समीक्षकांना विचारा, शेवटच्या आठवड्यात नाही, सुरुवातीपासून. शक्य तिथे सबटायटल करून घ्या, माझ्याकडूनच करून घ्या असं अजिबात म्हणत नाहीये.

आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक ओळ टाका की ही आज कुठे बघता येते, पूर्ण आहे का, मूळ प्रती कोणाकडे आहेत. जिथे उत्तर 'कुठेच नाही' असेल तिथे तसं छापा आणि ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना तुमच्या नावाने विचारा. तुम्ही विचारलंत तर ते उत्तर देतात, आम्ही विचारलं तर मेलसुद्धा उघडत नाहीत.

ती बेचाळीस एपिसोडची मालिका, अकरा मिनिटांत बाद झालेली, आता कुठेच नाही. जिथे होती तिथून दोन वर्षांपूर्वी काढली, डिस्क कधी निघालीच नव्हती. ती सर्वश्रेष्ठ शंभरात बसते का हे मी सांगणार नाही, काम मी केलंय, माझं मत धरू नका. पण तुम्हालाही ते ठरवता येणार नाहीये आता. माझ्याकडे तिच्या सबटायटलच्या फाइल्स आहेत, बेचाळीसच्या बेचाळीस, प्रत्येक वाक्य आणि ते कितव्या सेकंदाला आहे हे सगळं. चित्र नाही, आवाज नाही. ज्यांनी ती बनवली त्यांना विचारून त्या मी द्यायला तयार आहे. तुमच्यापैकी ज्या कोणाकडे अशा गोष्टी नीट ठेवायची सोय असेल त्यांनी सांगा, त्याच दिवशी पाठवते.

तुमची वाचक आणि सतरा वर्षांची सबटायटल लिहिणारी